एच. आय. व्ही.ची रक्ततपासणी : कोणती, केव्हां आणि कशी



आजचा विषय असा आहे कीं, तो बैठकीच्या खोलींत निघाला तर बोलणें थांबतें आणि कोणीतरी चहाची चौकशी करूं लागतें. आपल्याकडे असल्या रोगांविषयीं मोकळेपणानें लिहिणारा मनुष्य झालाच नाहीं असें नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें, आणि गुप्तरोगांविषयीं सुशिक्षित घरांत जें कुजबुजून बोललें जात असे तें त्यांनीं उघड छापलें. शंभर वर्षें होत आलीं, कुजबूज मात्र तशीच आहे. रोगाचें नांव तेवढें बदललें.

माझा धंदा रक्त तपासण्याचा. तेव्हां मी उपदेश न करतां रक्ताविषयींच बोलणार आहें, आणि सुरुवात एका स्नेह्याच्या घरच्या हकीकतीनें करतों. त्यांच्या पत्नीची—आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतों—गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली होती. तीपूर्वींच्या नेहमींच्या तपासण्यांसाठीं त्यांनीं एका खासगी प्रयोगशाळेंत रक्त दिलें. त्यांत एच. आय. व्ही.ची तपासणीही आहे हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं, मग संमति विचारण्याची गोष्ट दूरच. दुसऱ्या दिवशीं कागद हातीं आला त्यांत एका ओळीपुढें 'रिॲक्टिव्ह' असा शब्द होता, आणि खिडकीमागच्या माणसानें तो चार लोकांदेखत मोठ्यानें वाचला. पुढें अकरा दिवस त्या घरांत नवराबायको एकमेकांशीं बोललीं नाहींत. बाराव्या दिवशीं रात्रीं स्नेही माझ्याकडे आले. त्यांचा पहिला प्रश्न "आतां किती दिवस?" असा होता. दुसरा विचारतांना त्यांचा आवाज चिरकला : "हें आलें कोठून?" मीं त्यांना उलट विचारलें, "तपासणी किती वेळां झाली?"

ती एकदांच झाली होती.

हा माझा प्रश्न त्यांना वकिली कावा वाटला असावा. तसा तो नव्हता. विषाणु शरीरांत शिरला म्हणजे शरीर त्याच्याशीं झगडण्यासाठीं कांहीं प्रथिनें तयार करतें. त्यांना प्रतिपिंडें म्हणतात. घरांत चोर शिरला आहे हें चोराला पाहून कळतें, तसें रखवालदाराच्या धांवपळीवरूनही कळतें. आपल्याकडच्या बहुतेक तपासण्या रखवालदाराकडे पाहतात. तपासणीच्या पट्टीवर विषाणूचे अंश आधींच बसवलेले असतात. रक्तांत प्रतिपिंडें असलीं तर तीं त्यांना जाऊन चिकटतात आणि रंगीत रेघ उमटते. एलायझा नांवाची प्रयोगशाळेंतील पद्धति याच तत्त्वावर चालते. तेथें रेघेऐवजीं द्रवाचा रंग पालटतो. आतां रखवालदार कधीं कधीं मांजराच्या चाहुलीनेंही धांवतो. संधिवाताच्या जातीचे कांहीं आजार, नुकतीच टोचून घेतलेली एखादी लस, कांहीं वेळां गर्भारपण, यांमुळें रक्तांत अशीं प्रथिनें असूं शकतात कीं जीं चुकून त्या पट्टीला चिकटतात. वासरमन या जर्मन शास्त्रज्ञानें १९०६ सालीं उपदंशाची जी प्रसिद्ध तपासणी काढली, ती देखील हिंवताप किंवा कुष्ठरोग झालेल्या माणसांत होकार देई, आणि त्यापायीं कित्येक निरपराध लोकांवर नसता आळ येई.

येथें थोडा हिशेब करूं. आपल्या देशांत प्रौढ लोकांत या विषाणूची लागण हजारीं सुमारें दोन आहे. दहा हजार माणसें सरसकट तपासलीं असें समजा. त्यांत खरोखर लागण झालेलीं सुमारें वीस. तपासणी इतकी उत्तम आहे कीं, निरोगी माणसांपैकीं हजारांतील फक्त पांचांच्या बाबतींत ती चुकते, असें धरून चालूं. तरीही उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांपैकीं जवळ जवळ पन्नास जणांच्या कागदावर 'रिॲक्टिव्ह' हा शब्द येईल. म्हणजे ज्या सत्तर जणांना तो कागद मिळाला त्यांतील पन्नास जण निरोगी! हा दोष ना त्या पट्टीचा ना त्या माणसांचा. रोग विरळ असला म्हणजे चांगली तपासणीही अशी फसते. पण याच सत्तर जणांची वेगळ्या बनावटीच्या, विषाणूचे वेगळे अंश वापरणाऱ्या पट्टीवर पुन्हा तपासणी केली तर त्या पन्नासांतील क्वचित् एखादाच उरेल. तिसरी तपासणी तोही संशय फेडते. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असा आहे कीं, लक्षणें नसलेल्या माणसाला लागण झाली आहे असें तीन निरनिराळ्या तपासण्यांचा होकार आल्यावांचून सांगावयाचें नाहीं. पहिल्याच तपासणीचा नकार आला तर मात्र तेवढ्यावर काम भागतें.

हा सावधपणा या रोगाच्या आपल्याकडील इतिहासाच्या पहिल्या पानापासून आहे. १९८६ सालीं मद्रास येथील वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सुनीति सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखालीं निर्मला नांवाच्या विद्यार्थिनीनें प्रबंधासाठीं वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. मद्रासेंत तपासणीची सोय नसल्यामुळें ते वेल्लोरला न्यावे लागले. तेथें सहा नमुन्यांचा रंग पालटला. तेव्हां देखील कोणी लगेच डंका पिटला नाहीं. वेगळ्या पद्धतीनें खात्री करण्यासाठीं रक्त अमेरिकेस धाडलें, आणि तेथून होकार आल्यावरच या देशांत हा विषाणु आला आहे असें जाहीर झालें. जातां जातां सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, या सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यांतल्या.

होकाराविषयीं इतकें झालें. नकाराची गोष्ट याहून फसवी आहे, कारण तो आल्यावर मनुष्य पुन्हा विचारच करीत नाहीं. मध्यंतरीं एक तरुण माझ्याकडे नकाराचा कागद घेऊन मोठ्या आनंदानें आला. ज्या प्रसंगाची त्याला धास्ती होती त्याला अवघे नऊ दिवस झाले होते. मला त्याचा आनंद मोडावा लागला. चोर घरांत शिरल्याबरोबर रखवालदार जागा होत नाहीं. प्रतिपिंडें तपासणींत दिसण्याजोगीं वाढायला बहुधा तीन आठवडे ते तीन महिने लागतात. मधल्या काळाला समुपदेशक 'विंडो पीरियड' म्हणतात. या काळांत रक्तांत विषाणु असतो, दुसऱ्याला लागण होऊं शकते, आणि तपासणी मात्र 'नाहीं' म्हणते. त्या तरुणाला मीं पुन्हा तपासणीस बोलावलें. तो वैतागला, पण आला. दोन्ही खेपांना नकार आला, आणि दुसरा नकार मात्र खरोखर आनंद करण्यासारखा होता.

हा आंधळा काळ कमी करणाऱ्या तपासण्या आज आहेत. चौथ्या पिढीची म्हणून जी तपासणी ओळखली जाते ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूच्याच अंगचें 'पी २४' नांवाचें प्रथिन शोधते, म्हणजे रखवालदाराबरोबर चोरालाही पाहते. शिरेंतून रक्त घेऊन ती प्रयोगशाळेंत केली तर १८ ते ४५ दिवसांत लागण सांपडते. त्याहून पुढची तपासणी विषाणूच्या जनुकद्रव्याची. ती १० ते ३३ दिवसांत बोलते, पण महाग आहे आणि सर्वांना सरसकट करण्याची नव्हे. बोटाच्या टोकाला सुई टोचून थेंबभर रक्तावर केलेल्या पट्टीच्या तपासणीचें उत्तर वीस-तीस मिनिटांत मिळतें. मात्र तिचा होकार म्हणजे निकाल नव्हे, मोठ्या केंद्रांत जाऊन पुढील तपासण्या करून घेण्याची ती सूचना होय. हिरड्यांवरून काडी फिरवून घरच्या घरीं करावयाच्याही तपासण्या निघाल्या आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं आत्मतपासणीची शिफारस केली. त्यांनाही हाच न्याय लागू. माझें स्वतःचें मत विचाराल तर, ज्याला रात्रीं एकट्यानें होकाराची रेघ पाहण्याचा धक्का सोसेल कीं नाहीं याची शंका आहे, त्यानें केंद्रांतच जावें.

दोन गोष्टी येथेंच सांगून टाकतों. एक, धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर तपासणीचे दिवस मोजीत बसूं नये. ७२ तासांच्या आंत, आणि जितकें लवकर तितकें बरें, डॉक्टरांकडे गेल्यास २८ दिवस घेण्याचीं प्रतिबंधक औषधें मिळूं शकतात. वेळ टळल्यावर त्यांचा उपयोग नाहीं. दुसरी, रक्तदान हा फुकट तपासणीचा मार्ग समजूं नये. कांहीं मंडळी संकोचापायीं तसें करतात हें मला ठाऊक आहे. आंधळ्या काळांतलें रक्त तपासणींतून निसटलें तर तें दुसऱ्याच कोणा बाळंतिणीच्या किंवा अपघातांत सांपडलेल्या मुलाच्या शिरेंत जाईल.

तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी आहे. आईची प्रतिपिंडें बाळाच्या रक्तांत दीड वर्षापर्यंत राहूं शकतात, म्हणून बाळाचा होकार हा कित्येकदां आईचाच होकार असतो. त्यासाठीं बाळ सहा आठवड्यांचें झालें कीं टाचेच्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून विषाणूच्या जनुकद्रव्याची तपासणी करतात. गर्भार स्त्रीची तपासणी वेळेवर झाली तर हा प्रसंग बहुधा नीट निभावतो : उपचार न मिळाल्यास आईकडून मुलाला लागण होण्याचें प्रमाण शेंकडा १५ ते ४५ असतें, उपचारांनीं तें पांचाच्या खालीं येतें. सुनेला दिवस गेले म्हणजे पहिल्याच खेपेस ही तपासणी सुचवतात, त्यांत तिच्या शीलावर शंका घेण्याचा प्रश्न नाहीं. ती सर्वच गर्भवतींना सुचवली जाते. सासूबाईंनीं एवढें लक्षांत ठेवलें तरी पुष्कळ.

आतां संमतीविषयीं. १९८९ सालीं गोव्यांत डॉमिनिक डिसोझा नांवाच्या तरुणानें रक्तदान केलेलें होतें. त्या रक्तांत विषाणु आढळला, आणि पोलिसांनीं त्यांना नेऊन म्हापसे येथील क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळांत ६४ दिवस एकाकी कोंडून ठेवलें. गुन्हा कांहींच नव्हता. त्यावेळच्या गोव्याच्या कायद्यांत तशी तरतूदच होती! डिसोझा १९९२ सालीं वारले, पण सुटकेनंतर मिळालेलीं वर्षें त्यांनीं आपल्यासारख्या इतरांसाठीं वेंचलीं. आज स्थिति पालटली आहे. २०१७ सालीं संसदेनें जो कायदा केला आणि जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला, त्याप्रमाणें समजावून सांगून घेतलेल्या संमतीवांचून ही तपासणी करतां येत नाहीं, तिचा निकाल तिऱ्हाइताला सांगतां येत नाहीं, आणि नोकरी, शिक्षण किंवा औषधोपचार देण्यापूर्वीं ती करून आणण्याची अट घालतां येत नाहीं. वहिनींच्या बाबतींत जें घडलें तें कायद्याबाहेरचें होतें. हें मीं स्नेह्यांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "भांडण मागाहून. आधीं खरें काय तें कळूं द्या."

तें कळण्याची जागा म्हणजे सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्र. बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत तें असतें, तपासणीला पैसे पडत नाहींत, आणि डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाहीं. कोठें जावें हें ठाऊक नसेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करून विचारतां येतें. तोही फुकट आहे. केंद्रांत प्रथम समुपदेशक एकट्याला बसवून बोलतात, तपासणी कशाची, होकार आला तर काय आणि नकार आला तर काय हें समजावतात, मग रक्त घेतात. निकाल बहुधा त्याच दिवशीं मिळतो, आणि तोही खिडकींतून नव्हे, पुन्हा बंद दाराआड समुपदेशकासमोर बसून.

होकार आला तर पुढें काय, हें न सांगतां बोलणें अपुरें राहील, कारण माणसें तपासणीला नव्हे, तिच्या पुढच्याला भितात. सरकारी केंद्रांतून औषधें १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळूं लागलीं, आणि २०१७ पासून निदान होतांच तीं सुरू करतात. शरीर खंगण्याची वाट पाहत नाहींत. गोळ्या रोज आणि जन्मभर घ्याव्या लागतात. पण त्या नियमानें घेणाऱ्या माणसाचें आयुष्य इतरांच्या आयुष्याच्या जवळपास जातें. आणि रक्तांतील विषाणु मोजतां न येण्याइतका खालीं आला व तसा राहिला तर शरीरसंबंधांतून जोडीदारास लागण होत नाहीं. स्नेह्यांच्या "किती दिवस?" या प्रश्नाला १९८६ सालीं जें उत्तर द्यावें लागलें असतें, तें आज देण्याचें कारण उरलेलें नाहीं.

वहिनी केंद्रांत गेल्या, तेव्हां समुपदेशक बाईंनीं त्यांच्या यजमानांनाही विचारलें, "आपलीही तपासणी करूं या का?" अकरा दिवस जो प्रश्न ते बायकोला मनांतल्या मनांत विचारीत होते तो स्वतःला विचारण्याचें त्यांना सुचलें नव्हतें. थोडा वेळ ते गप्प बसले आणि मग बाही वर करून खुर्चीवर बसले. दुपारीं दोघांचेही निकाल आले. दोन्ही ठिकाणीं नकार होता. वहिनींच्या संधिवाताची जुनी हकीकत समुपदेशकांनीं लिहून घेतली, आणि आंधळ्या काळाची शंका राहूं नये म्हणून तीन महिन्यांनीं एकदां पुन्हा येण्यास सांगितलें. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यांत पार पडली. त्यापूर्वीं रक्त घ्यायला आलेल्या मुलाला वहिनींनीं हात पुढें करण्याआधीं विचारलें, "यांत कशाकशाच्या तपासण्या आहेत तें आधीं वाचून दाखवा." त्यानें यादी वाचली, आणि मग त्यांनीं सही केली.