बांबूचा फुलोरा आणि भाताचा हिशेब

उंदरांनी केलेले नुकसान आपण टक्केवारीत सांगतो. आशियातील भातशेती आणि उंदीर या विषयाचे अभ्यासक ग्रँट सिंगलटन यांनी २००३मध्ये मांडलेला एक हिशेब प्रसिद्ध आहे. आशियातल्या भाताच्या उत्पादनात सहा टक्के तूट धरली, तर तेवढ्या तांदळावर इंडोनेशियाची सारी लोकसंख्या वर्षभर जेवू शकते. आकडा थक्क करणारा आहे. पण एकर-दीड एकरवाल्याला तो फारसे काही सांगत नाही. उंदीर प्रत्येकाच्या ताटातून सारखे घास उचलत नाहीत. एकाच्या शेताला ते तोंडही लावत नाहीत आणि शेजारच्याचे निम्मे पीक कापून टाकतात. सरासरी काढली की दोघेही सारखेच दिसतात. या सरासरीआड काय दडते हे समजून घ्यायला मला मिझोरामइतके बोलके उदाहरण दुसरे दिसत नाही.

मिझोरामच्या डोंगरांवर ‘मेलोकाना बॅक्सिफेरा’ या जातीच्या बांबूची दाट राने आहेत. हा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच फुलतो, फळतो आणि मरतो. तोही एकटादुकटा नव्हे, डोंगरच्या डोंगर. मिझो भाषेत ‘मौ’ म्हणजे बांबू आणि ‘ताम’ म्हणजे दुष्काळ. म्हणून त्या काळाचे नाव ‘मौताम’. १९११-१२, १९५८-५९ आणि २००७-०८ असे त्याचे अलीकडचे फेरे. बांबूला फुलोरा येणे हे दुष्काळाचे लक्षण, असे आपल्याकडचेही जुने लोक म्हणत. मिझोराममध्ये मात्र या समजुतीमागे उंदरांचा रोकडा हिशेब आहे.

या बांबूचे फळ चांगले मोठे आणि गरदार असते. ते खाल्ल्याने उंदरांची प्रजननशक्ती वाढते, अशी एक जुनी कल्पना होती. खरे कारण याहून साधे आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. एरवी या वेगाला अन्नाच्या तुटवड्याचा लगाम असतो. फळांचा सडा पडला की तो लगाम सुटतो. विणीचा हंगाम लांबतो, पिढीवर पिढी वाढत जाते. मग पावसात उरलेली फळे रुजतात आणि रानातले अन्न अचानक संपते. नेमक्या त्याच सुमारास उतारांवरच्या झूम शेतीत भात पिकायला आलेला असतो. रानातली उपाशी झुंड तिकडे वळते.

या ‘नेमक्या त्याच सुमारास’मध्ये सगळे अर्थकारण आहे. भाताचे फुटवे लहानपणी कापले गेले तर रोप नवे फुटवे काढते, तूट बरीचशी भरून निघते. पीक निसवल्यावर, दाणा भरताना कापलेली लोंबी मात्र परत येत नाही. तोवर झूम शेतकऱ्याने रान तोडलेले असते, जाळलेले असते, पेरणी आणि पुन्हा पुन्हा बेणणी केलेली असते. वर्षाचे सगळे श्रम गुंतवून झाल्यावर हातचे पीक जाते आणि दुसऱ्या पेरणीला हंगाम उरत नाही. गेलेल्या धान्याची किंमत बाजारभावाने काढता येते. पण त्या कुटुंबाच्या लेखी ती पुढच्या वर्षाचे बियाणे आणि कर्जाचे व्याज धरून निघते.

हे संकट कळून आले होते. २९ ऑक्टोबर १९५८ रोजी मिझो जिल्हा परिषदेने ठराव करून येऊ घातलेल्या दुष्काळाची सूचना दिली आणि आसाम सरकारकडे १५ लाख रुपयांची मदत मागितली. मिझो टेकड्या तेव्हा आसामात होत्या. मागणी मान्य झाली नाही; वडीलधाऱ्यांचा अनुभव पुरावा म्हणून धरला गेला नाही. पुढच्या वर्षी शेते गेली. दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटमधून १९६१मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाला, १९६६मध्ये उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडले. हे सारे केवळ उंदरांमुळे घडले असे मी म्हणणार नाही; पण दुर्लक्षिला गेलेला तो दुष्काळ वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

पुढच्या फेऱ्याला मिझोराम स्वतंत्र राज्य होते. सरकारने आधीच योजना आखली आणि उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले. तरीही २००७मध्ये भाताची मोठी नासाडी झालीच. शेपट्या मोजल्या की मेलेले उंदीर मोजले जातात, वाचलेले धान्य नाही. शिवाय उंदीर बांध ओळखत नाहीत. एका घराने आपल्या शेतातले मारले तर मोकळी झालेली बिळे शेजारच्या रानातले भरून काढतात. छोट्या शेताची खरी अडचण ही आहे: नुकसान एकट्याचे, उपाय मात्र एकट्याने होण्यासारखा नाही.

आग्नेय आशियात यावर एक युक्ती निघाली आहे. शिवारात एका छोट्या तुकड्यात भात दोन-तीन आठवडे आधी लावायचा, त्याभोवती प्लॅस्टिकचे कुंपण करायचे आणि कुंपणाच्या भोकांशी पिंजरे ठेवायचे. लवकर पिकणाऱ्या भाताच्या ओढीने आसपासचे उंदीर तिथे येऊन अडकतात आणि भोवतालच्या कित्येक एकरांचे रक्षण होते. पण तो तुकडा कोणाच्या जमिनीत, खर्च कोणी द्यायचा आणि रोज पिंजरे कोणी उपसायचे, हे गावाने मिळून ठरवावे लागते. बाकीच्यांनी लावणीही एकाच सुमारास उरकावी लागते. ती महिनाभर रेंगाळली तर उंदरांनाही महिनाभर जास्त खाणे मिळते.

आपल्याकडचा पीक विमा प्रामुख्याने महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरतो. मंडळाची सरासरी बरी असेल, तर त्यात ज्याचे पीक उंदरांनी कापले त्याची तूट बुडून जाते. म्हणून मला वाटते, उंदरांचे नुकसान मोजताना ‘किती टक्के’ या प्रश्नाबरोबर ‘कोणाचे आणि कधी’ हे दोन प्रश्न नोंदवहीत असायला हवेत. मिझोरामच्या बांबूचा पुढचा फुलोरा २०५५च्या आसपास यायचा आहे. तेव्हा ज्यांच्या हाती कारभार असेल, ती मुले आज शाळेत जात आहेत.