घरातले छोटे प्राणी, लेखांक ६ : हॅमस्टर पिंजऱ्यातून का निसटतो?

पाळीव सोनेरी हॅमस्टरच्या इतिहासाची सुरुवातच पिंजरा कुरतडण्यापासून होते. १९३० साली इस्राएल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात सुमारे अडीच मीटर खोल खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. पिल्ले जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पोचली. तिथे त्यांना लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवले, आणि पाच जणांनी तळ कुरतडून पळ काढला. त्यांतले कुणीच जगले नाही. मागे राहिलेल्या मोजक्या भावंडांचा वंश आधी प्रयोगशाळांत वाढला आणि मग जगभरच्या घरांत पसरला. सातारा-सांगलीत आज कुणाच्या घरी सोनेरी हॅमस्टर असेल, तर तो बहुधा त्याच कुळातला.

या प्राण्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणे ही त्याची गरज आहे. लाकूड आणि पातळ प्लॅस्टिक त्याच्यापुढे फार काळ टिकत नाही. रंगीत नळ्या जोडलेले प्लॅस्टिकचे पिंजरे दिसायला सुंदर असतात, पण नळीच्या सांध्याशी जिथे कड हाताला लागते, तिथेच दातही लागतात.

सोनेरी जात तेरा ते अठरा सेंटिमीटर लांब भरते. बुटक्या जाती आठ-दहा सेंटिमीटरच्या आणि रोबोरोव्स्की त्याहूनही लहान. गजांमधून डोके गेले की अंगही जाते, कारण जाड दिसतो तो बराचसा केसांचा फुगारा. सोनेरी हॅमस्टरसाठी गजांमधले अंतर साधारण एक सेंटिमीटर चालते, बुटक्यांसाठी सहा-सात मिलिमीटरच्या पुढे नको. लव्हबर्डसाठी बनवलेला पिंजरा घेताना ही चूक फार होते. पक्ष्याला पुरेसा अरुंद असलेला गज हॅमस्टरच्या पिल्लाला मोकळा दरवाजा असतो.

दार हा पिंजऱ्याचा सर्वांत कच्चा भाग. वर सरकणारे दार हॅमस्टर नाकाने उचलतो आणि हे तंत्र त्याला लवकर जमते. त्यावर कागदांना लावायची बाइंडर क्लिप किंवा तारेचा पीळ पुरतो. काचेची टाकी वापरायची असेल, तर तिला बारीक लोखंडी जाळीचे घट्ट बसणारे झाकण हवे. चाक, पाण्याची बाटली आणि झोपायचे घर काठाजवळ असले, तर त्यांवर चढून तो झाकणापर्यंत पोचतो. उंचीचा अंदाज त्याला जवळजवळ नसतो. त्यामुळे वरून निसटलेला हॅमस्टर पळण्याआधी पडतो, आणि मोडलेला पाय मालकाच्या लक्षात उशिरा येतो.

फटी बुजवणे मात्र निम्मेच काम आहे. रानात हा प्राणी रात्रभर हिंडतो, खणतो, गालांच्या पिशव्या भरून धान्य बिळात नेतो. चाक मिळाले तर एका रात्रीत कित्येक किलोमीटर पळतो. त्याला बुटाच्या खोक्याएवढ्या जागेत कोंडले, तर तो गज चावत राहणार यात नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याला कुंपण आहे, तरी जेमतेम ११ चौरस किलोमीटरच्या त्या जागेतून हरणे भोवतालच्या पिकांत उतरतात. आत काय आहे, यावर बाहेरची ओढ ठरते. हॅमस्टरला निदान एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद तळ, खणता येईल असा वीस-तीस सेंटिमीटर भुसा आणि पाठ वाकणार नाही एवढे मोठे चाक द्यावे. सोनेरी जातीला हे चाक सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचे लागते. शिवाय प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा हवा. दोन सोनेरी हॅमस्टर एकत्र ठेवले तर ते भांडतात, आणि हरणारा पळायची वाट शोधतो.

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीजवळ जातो, आणि हॅमस्टरला साधारण वीस-चोवीस अंश मानवते. वीज गेली, पंखा थांबला की घरचे लोक हवा लागावी म्हणून झाकण उघडे ठेवतात. अनेकदा निसटणे होते ते असे, मालकाच्या दयेपोटी. झाकण जाळीचेच असावे, पिंजरा खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत ठेवावा आणि आत फरशीचा एक तुकडा टाकावा. पुराच्या दिवसांची गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक घरांना घाईने बाहेर पडावे लागले. अशा वेळी मोठा पिंजरा नेता येत नाही आणि प्लॅस्टिकचा डबा कुरतडला जातो. झाकणाला भरपूर भोके पाडलेला स्टीलचा डबा थोड्या वेळासाठी सर्वांत भरवशाचा.

तरीही तो निसटलाच, तर आधी मोरीचे तोंड बंद करावे. जुन्या वाड्यांत आणि मातीच्या भिंतींच्या घरांत तोच सरळ बाहेरचा रस्ता असतो. मग दारांखालच्या फटीत टॉवेल कोंबावेत, मांजर बाहेर काढावे, उंदरांसाठी ठेवलेले विष आणि चिकट सापळे त्याच क्षणी उचलावेत. दिवसा तो फ्रिजमागे, दिवाणाच्या पोटात, चपलांच्या कपाटात किंवा ज्वारीच्या पोत्याआड झोपून राहतो. झाडूने हुसकावले तर आणखी आत शिरतो. रात्री दिवे मालवून प्रत्येक खोलीत मोजून सूर्यफुलाच्या बिया ठेवाव्यात आणि भोवती पिठाचा पातळ थर द्यावा. सकाळी ज्या खोलीत बिया कमी आणि पावले उमटलेली, त्या खोलीत शोध. तिथे बादलीच्या तळाशी भुसा आणि काकडीची फोड ठेवावी आणि पुस्तकांची उतरंड काठापर्यंत लावावी. वासाने तो चढतो आणि आत उतरतो. गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. बादली मात्र फार खोल नको.

सापडल्यावर पाय, दात आणि डोळे पाहून पाणी द्यावे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय असले, तरी गावोगावच्या दवाखान्यांत गाय-म्हैस आणि कुत्र्यांचाच अनुभव जास्त. म्हणून एवढा लहान प्राणी तपासतात का, हे आधी विचारून ठेवलेले बरे. मादी निसटली असेल आणि घरात नरही असेल, तर पुढचे सोळा दिवस तिच्यावर नजर ठेवावी. सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ तेवढाच असतो, आणि नवजात पिल्ले मोठ्यांसाठी आखलेल्या गजांमधून सहज बाहेर येतात.