छोट्या पेढ्या आणि परदेशी बाजारपेठ : चिकपेटच्या रेशीम व्यापाराची वाट

बंगळूरच्या जुन्या शहरातील चिकपेट हा भाग रेशमी वस्त्रांच्या घाऊक व्यापारासाठी ओळखला जातो. केम्पेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेल्या या शहरात दोड्डपेटे म्हणजे थोरली पेठ आणि तिला छेदून जाणारी चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ, असे दोन प्रमुख रस्ते होते. १६३८ नंतर हेच शहर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. आज तेथील अरुंद गल्ल्यांमधून इलकल, मोळकाल्मुरू, धर्मावरम आणि कांचीपुरमच्या साड्या दक्षिण भारतभर जातात. काही साड्या देशाबाहेरही जातात. मात्र त्यातील बराचसा माल निर्यात म्हणून नोंदलाच जात नाही.

लग्नसराईत अमेरिकेहून किंवा आखातातून आलेले कुटुंब वीस-पंचवीस साड्या खरेदी करते आणि सामानातून घेऊन जाते. दुकानदाराच्या वहीत ही देशांतर्गत विक्री असते व तिच्यावर वस्तू व सेवा कर आकारला जातो. दुसऱ्या प्रकारात मुंबई किंवा चेन्नईचा निर्यातदार व्यापारी माल उचलतो आणि स्वतःच्या नावाने परदेशी धाडतो. अशा पुरवठ्यावर विशिष्ट अटींसह केवळ ०.१ टक्के कर आकारण्याची सवलत २०१७ पासून आहे. पैसे लवकर हाती येतात आणि परदेशातील वसुलीची चिंता राहत नाही, म्हणून छोट्या पेढ्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो. पण ग्राहक कोण, त्याने कोणती किंमत मोजली, पुढील हंगामात त्याला कोणता रंग हवा आहे, हे पेढीला कधीच कळत नाही. दहा वर्षे माल परदेशी जाऊनही पेढी बाजारपेठेला अनोळखीच राहते.

स्वतःच्या नावाने निर्यात सुरू करणे कागदोपत्री फारसे कठीण नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात सांकेतांक ५०० रुपये शुल्क भरून ऑनलाइन मिळतो. वस्तू व सेवा कराच्या कार्यालयाकडे हमीपत्र दिल्यास कर न भरता माल पाठवता येतो. बँकेचा सांकेतांक सीमाशुल्क खात्याकडे नोंदवावा लागतो. चूक होते ती बहुधा मालाच्या वर्गीकरणात. रेशमी कापडाचा क्रमांक वेगळा, शिवलेल्या कपड्याचा वेगळा आणि शाल-स्कार्फचा आणखी वेगळा. क्रमांक चुकला की शुल्क बदलते आणि पार्सल परक्या बंदरात अडकते. ते सोडवण्याचा खर्च कधी कधी मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

मालाची विश्वासार्हता सिद्ध करणे ही त्यापुढची पायरी होय. बंगळूरमध्ये मुख्यालय असलेल्या केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क' हे चिन्ह सुरू केले. दूरच्या ग्राहकाला कापड हातात घेऊन पाहता येत नाही, त्यामुळे अशा चिन्हाचे महत्त्व घरच्या बाजारापेक्षा परदेशात अधिक असते. रंगांचा प्रश्नही आहेच. काही अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये आणि युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाद्वारे निर्बंध घातले. साडी विणणारा एक, रंगवणारा दुसरा आणि विकणारा तिसरा, अशी साखळी असते तेव्हा रंगाची हमी कोणी द्यायची, हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

प्रत्येक उद्योगाची अडचण निराळी असते. शिसवी लाकडाच्या वस्तू बनवणाऱ्यांना २०१७ मध्ये या वृक्षांच्या संपूर्ण प्रजातीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले तेव्हा नव्या परवान्यांची व्यवस्था करावी लागली. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले होते. तरीही जून २०२५ मध्ये मिलानमधील प्राडाच्या प्रदर्शनात तशाच चपला कारागिरांचा उल्लेख न करता झळकल्या. टीकेनंतर कंपनीने त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. मानांकन असले तरी त्यावर लक्ष ठेवणारी संस्था आणि ओरड करणारे लोक लागतात, हे या प्रकरणातून दिसले. एकट्या कारागिराला ते जमले नसते.

छोट्या पेढीसाठी सर्वांत मोठी जोखीम मात्र वसुलीची असते. चिकपेटमध्ये उधारीचा व्यवहार ओळखीवर चालतो. परदेशी ग्राहकाबाबत ओळखीची जागा पतपत्र किंवा विम्याने घ्यावी लागते. १९५७ मध्ये स्थापन झालेले, मुंबईत मुख्यालय असलेले निर्यात पतहमी महामंडळ असा विमा देते. विम्याचा हप्ता भरणे अनेकांना वायफळ खर्च वाटतो. पण एकच मोठी उधारी बुडाली तर छोट्या पेढीचा वर्षभराचा नफा जाऊ शकतो.

टपालाने पार्सल पाठवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग मानला जात असे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात शुल्क माफ होते, त्यामुळे एक-दोन साड्या थेट ग्राहकाच्या दारी पोहोचवता येत. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सूट बंद झाली. त्याच आठवड्यात भारतीय मालावरील अतिरिक्त अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले स्वीकारणे थांबवले होते. मोठ्या निर्यातदारांनी जहाजाने आणि खासगी कुरियरने माल पाठवणे सुरू ठेवले. टपालावर अवलंबून असलेल्या विक्रेत्यांचा माल मात्र गणेशोत्सव आणि दसऱ्याच्या तोंडावर घरीच पडून राहिला. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ही सेवा पूर्ववत झाली, ती घोषित किमतीच्या ५० टक्के शुल्क येथेच आगाऊ भरण्याच्या अटीवर. म्हणजे दहा हजार रुपयांच्या साडीसाठी पाच हजार रुपये टपाल कार्यालयातच मोजायचे, आणि ते ग्राहकाकडून मागायचे की आपल्या नफ्यातून सोसायचे, हे विक्रेत्याने पार्सल बांधण्यापूर्वीच ठरवायचे होते.