निमंत्रण जंकमध्ये, लॉटरी इनबॉक्समध्ये

भोपाळच्या चार इमलीत बहुतेक घरे सरकारी बंगल्यांची. मंत्री, सचिव, विभागप्रमुख यांची ही वस्ती. एका अंगाला एकांत पार्कची झाडी आहे आणि वल्लभ भवनातले मंत्रालय गाडीने काही मिनिटांवर आहे. इथे राहणाऱ्या कित्येकांचे ई-मेल पत्ते सार्वजनिक असतात आणि ते तसे असायलाच हवेत, नाहीतर नागरिकाने अर्ज पाठवायचा कुठे? मात्र सरकारी संकेतस्थळांवर हे पत्ते छापण्याची एक खास रीत आहे. @ या चिन्हाच्या जागी चौकटी कंसात ‘ॲट’ लिहितात आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पत्त्यांमध्ये हे सर्रास दिसते. यामागे साधे कारण आहे. इंटरनेटवर पाने चाळत @ शोधणारे आणि सापडलेले पत्ते गोळा करून विकणाऱ्यांच्या हाती देणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. माणसाला कंसातला पत्ता वाचता येतो, साध्या प्रोग्रॅमला तो ओळखता येत नाही.

ही युक्ती चांगली असली तरी अपुरी आहे. पत्ता एकदा एखाद्या परिपत्रकाच्या पीडीएफमध्ये, दुकानाच्या बिलावर किंवा कुणाच्या फोनमधल्या संपर्कयादीत गेला की तो परत घेता येत नाही. मग उरतो तो फिल्टर. तक्रारीही तिथूनच सुरू होतात: गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण जंकमध्ये जाऊन पडले आणि परदेशी लॉटरीचे बक्षीस मात्र इनबॉक्समध्ये सगळ्यात वर.

अशा वेळी पहिला प्रश्न हा, की मेल अडवला कोणी. डेस्कटॉपवर थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या बाबतीत दोन फिल्टर काम करतात. मेल सेवेच्या सर्व्हरवरचा फिल्टर बंगल्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखा असतो, तर संगणकातल्या प्रोग्रॅमचा फिल्टर आतल्या खोलीच्या दाराशी बसलेल्या शिपायासारखा. फाटकावर परत फिरवलेल्या पाहुण्याबद्दल शिपायाला विचारून काही कळत नाही. त्यामुळे हरवलेला मेल आधी ब्राउझरमधून, सेवेच्या स्वतःच्या पानावर जाऊन शोधावा. तो तिथल्या स्पॅम फोल्डरमध्ये सापडला तर थंडरबर्डच्या सेटिंग्ज उलटसुलट करण्यात अर्थ नाही, दुरुस्ती सर्व्हरवरच करायची. पॉप पद्धतीने मेल उतरवून घेणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. पॉपमध्ये फक्त इनबॉक्स संगणकावर उतरतो, सर्व्हरचा स्पॅम फोल्डर दिसतच नाही. वर्षानुवर्षे पॉप वापरणाऱ्या माणसाला आपले किती मेल तिथे पडून पुसले गेले, याचा पत्ता लागत नाही. आयमॅप पद्धतीत सर्व्हरवरचे फोल्डर समोर दिसू शकतात, आणि निव्वळ या एका कारणासाठीही ती पद्धत घ्यावी.

मेल खोलीच्या दाराशीच अडला असेल तर कथा वेगळी. थंडरबर्डचा जंक फिल्टर कोणत्याही ठरावीक शब्दयादीवर चालत नाही. तो मालकाकडून शिकतो. त्याच्या मुळाशी थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे गणित आहे. बेझ १७६१ मध्ये वारला. त्याचा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने १७६३ मध्ये प्रसिद्ध करवला. हाती आलेल्या पुराव्यावरून एखाद्या गोष्टीची शक्यता कशी बदलत जाते, हा त्याचा विषय होता. स्पॅमचा प्रश्न तेव्हा अर्थातच नव्हता. पहिला गाजलेला स्पॅम ३ मे १९७८ चा. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थ्यूर्क याने आर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी जाहिरात धाडली होती. बेझचे गणित स्पॅमला लावण्याचे काम १९९८ मध्ये मेहरान सहामी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात मांडले. ते सर्वसामान्य प्रोग्रॅमरांपर्यंत पोहोचले ऑगस्ट २००२ मध्ये, पॉल ग्रॅहमच्या लेखामुळे. हजारांत पाचाहून कमी स्पॅम निसटतात आणि एकही चांगला मेल अडकत नाही, असा अनुभव त्याने लिहिला आणि पुढच्याच वर्षी मोझिलाच्या मेल प्रोग्रॅममध्ये असा फिल्टर आला. थंडरबर्डला तो वारसाहक्काने मिळाला.

आता हिशेब. समजा, मालकाने फिल्टरला २०० जंक आणि २०० चांगले मेल दाखवले. ‘लॉटरी’ हा शब्द ४० जंक मेलमध्ये होता आणि चांगल्यांपैकी एकात. म्हणजे जंकमधले प्रमाण २० टक्के, चांगल्यातले अर्धा टक्का. त्यावरून, फक्त हा शब्द दिसला तर मेल जंक असण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के निघते. ‘संपादक’ हा शब्द दोन जंकमध्ये आणि ३० चांगल्या मेलमध्ये असेल तर ती सहा टक्क्यांवर येते. फिल्टर मेलमधले असे बोलके शब्द निवडून त्यांच्या शक्यता एकत्र करतो. थंडरबर्ड असे जास्तीत जास्त दीडशे पुरावे घेतो आणि एकूण आकडा ९० टक्क्यांच्या वर गेला तरच जंकचा शिक्का मारतो.

यातून एक गोष्ट लगेच कळते. ज्याने आजवर फक्त जंकच्या बटणावर बोट ठेवले आणि ‘हा जंक नाही’ असे कधीच सांगितले नाही, त्याच्या फिल्टरने खटल्याची एकच बाजू ऐकलेली असते. चांगला मेल कसा दिसतो हे माहीत नसल्यामुळे त्याला अनोळखी मजकूर सहज संशयास्पद वाटतो. चुकीचे निकाल देणाऱ्या फिल्टरांमध्ये हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि तो बरा करणेही सगळ्यात सोपे आहे. इनबॉक्समधले वेगवेगळ्या प्रकारचे मेल निवडावेत आणि ‘जंक नाही’ अशी खूण करावी, जंक फोल्डर रिकामा करण्याआधी त्यातले निर्दोष मेल बाहेर काढावेत. बस.

भोपाळच्या मराठी घरात मात्र गोष्ट इतक्यावर थांबत नाही. घरात मराठी, बाहेर हिंदी, कचेरीच्या नोटशीटवर हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. तिन्ही भाषांतला मेल एकाच इनबॉक्समध्ये येतो आणि शब्द मोजणाऱ्या फिल्टरला भाषा कळत नाही, त्याला फक्त अक्षरांच्या साखळ्या कळतात. हिंदीत नामाला लागणारा प्रत्यय सुटा लिहितात: ‘निमंत्रण का’, ‘निमंत्रण से’. त्यामुळे ‘निमंत्रण’ दरवेळी तोच शब्द म्हणून मोजला जातो. मराठीत प्रत्यय चिकटतो. निमंत्रण, निमंत्रणाचा, निमंत्रणाला, निमंत्रणासह हे फिल्टरच्या वहीत चार परके शब्द. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येत नाही. म्हणून तेवढ्याच संख्येच्या मेलमधून हिंदीचा पुरावा लवकर साठतो, मराठीचा विखुरतो.

त्यात दोन्ही भाषांची लिपी एक आणि संस्कृतातून आलेला शब्दसंग्रह बराचसा सारखा. ‘पुरस्कार’, ‘विजेता’, ‘शुल्क’, ‘अंतिम’ हे शब्द हिंदी फसवणुकीच्या मेलमध्ये हमखास असतात, आणि साहित्य पुरस्काराच्या मराठी बातमीतही असतातच. शेकडो हिंदी जंक मेल दाखवून तयार केलेल्या फिल्टरने ती बातमी जंकमध्ये टाकली, तर मिळालेल्या पुराव्याप्रमाणे त्याने काही वावगे केलेले नाही. मराठी वाचकाने करायचे ते इतकेच, की चांगले मराठी मेल मुद्दाम आणि भरपूर दाखवावेत. दिवाळी अंकाच्या वर्गणीची पावती, मंडळाचे पत्र, पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांचे मेल, सगळे. इंग्रजीपुरत्या चाचणीवरून ‘हा फिल्टर उत्तम आहे’ असे कुणी सांगितले तर त्यावर मराठी माणसाने विसंबू नये.

याहून बारीक गुंता टायपिंगचा. ‘अधिकाऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवरून तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून येतो, तर दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण फिल्टरला ते वेगळे. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत अजून मुरलेल्या कृतिदेव फॉन्टची अडचण याहून मोठी. कृतिदेवमधला मजकूर आतून देवनागरी नसतोच, ती रोमन अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो मजकूर तसाच मेलमध्ये चिकटवला तर फिल्टरला अर्थहीन रोमन तुकडे दिसतात. स्पॅमवाले फिल्टरला चकवण्यासाठी जी निरर्थक अक्षरे पेरतात, त्यांच्याशी या तुकड्यांचे साम्य दचकायला लावणारे आहे. निमंत्रण पाठवणाऱ्यांनी युनिकोडमध्येच लिहावे, ही विनंती कुणी कितीही वेळा केली तरी ती जास्त होणार नाही.

उलटी तक्रार, म्हणजे उघडउघड स्पॅम इनबॉक्समध्ये येतो, तिची कारणे बहुधा सेटिंग्जमध्ये सापडतात. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जंक सेटिंग्ज असतात. मेल जंक ठरल्यावर तो जंक फोल्डरमध्ये हलवावा, हा पर्याय तिथे निवडलेला नसेल तर प्रोग्रॅम मेलवर ज्योतीची खूण करतो आणि मेल होता तिथेच ठेवतो. लोकांना वाटते फिल्टर झोपला आहे. दुसरे कारण पत्त्यांच्या वहीचे. वहीत ज्याचा पत्ता आहे त्याचा मेल जंक ठरवू नये, असा एक पर्याय असतो आणि तो उपयोगी आहे. पण आपण ज्यांना मेल पाठवतो त्यांचे पत्ते प्रोग्रॅम आपोआप एका वहीत जमा करत जातो. कधी स्वतःला फाइल पाठवली असेल तर त्यात स्वतःचाही पत्ता शिरतो. प्रेषक म्हणून तुमचाच पत्ता लिहून तुम्हालाच मेल पाठवणे ही स्पॅमवाल्यांची जुनी खोड, आणि अशा मेलला मग मोकळी वाट मिळते. वहीतून स्वतःचा पत्ता काढून टाकावा.

प्रेषकाचे नाव इतके सहज खोटे लिहिता येते, कारण मूळ ई-मेल पद्धतीत ते तपासण्याची सोयच नव्हती. ती नंतर तीन थरांनी जोडली गेली. या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो हे एसपीएफ सांगते, मजकुरावर डिजिटल सही करते ते डीकेआयएम, आणि तपासणी फसली तर मेलचे काय करायचे हे डोमेनचा मालक डीमार्कमधून जाहीर करतो. कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या की थंडरबर्ड मेलचा मूळ मजकूर उघडतो. त्यात वरच्या भागात ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ ही ओळ शोधावी, तिन्ही निकाल तिथे लिहिलेले असतात. बँकेच्या नावाने आलेल्या मेलवर डीमार्क ‘फेल’ असेल तर त्यातली लिंक उघडू नये. मंडळाच्या खऱ्या मेलवरही कधी एसपीएफ नापास दिसते, कारण दुसऱ्या पत्त्यावरून आपोआप पुढे धाडलेला मेल मूळ सर्व्हरवरून येत नाही. मजकूर तसाच राहिला तर डीकेआयएमची सही मात्र टिकते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही थर बंधनकारक केले आहेत. गूगलच्या हिशेबात मोठा म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा अधिक मेल पाठवणारा.

कायद्याचा आधार भारतात तोकडाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रास देणाऱ्या आणि उगम लपवणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केले. तो निकाल योग्यच होता. दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. त्यामुळे ई-मेलच्या स्पॅमशी झगडण्याचा भार तंत्रावर आणि वापरणाऱ्यावर येतो.

सगळे करूनही फिल्टर वेड्यासारखा वागत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी विभागातला लॉग सुरू करावा. कोणता मेल जंक ठरला याची नोंद तिथे होते. आपण स्वतः लिहिलेले नियम जंकच्या तपासणीआधी चालतात की नंतर, हेही पाहावे, कारण नियमाच्या खिडकीत दोन्ही पर्याय असतात. शेवटचा उपाय म्हणजे शिकवण पुसून नव्याने सुरुवात करणे. त्याचे बटण लॉगशेजारीच आहे. चुकीच्या खुणांनी बिघडलेल्या फिल्टरला दुरुस्त करत बसण्यापेक्षा अनेकदा तेच बरे. ही शिकवण ‘ट्रेनिंग.डॅट’ नावाच्या एका फाइलमध्ये, प्रोफाइलच्या फोल्डरात असते. एका प्रोफाइलमधली सगळी खाती तीच फाइल वापरतात, म्हणून कचेरीच्या खात्यावर मारलेली खूण घरच्या खात्यालाही लागू होते. चार इमलीत बदली आणि निवृत्ती नेहमीची. बंगला सुटतो आणि संगणकही बहुतेक वेळा नवा येतो. आयमॅपवरचे मेल नव्या संगणकावर आपोआप दिसू लागतात, पण ही फाइल येत नाही. जुना संगणक परत करण्यापूर्वी प्रोफाइलचे पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. फाइल उतरवताना थंडरबर्ड बंद असावा.