पगाराला दहा दिवस आहेत आणि आज दोन हजार लागतात

मैत्रिणींनो, मोठ्या कर्जाबद्दल आपण बैठकीत भरपूर बोलतो. म्हैस घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचं, बँकेत प्रकरण टाकायचं, याची चर्चा तास-तास चालते. पण घरातली बाई खरी अडते ती हजार-दोन हजारासाठी. दुधाचं बिल दहा-पंधरा दिवसांनी निघतं, कंपनीचा पगार महिन्याने, मानधन तर कधी दोन महिन्यांचं एकदम. आणि पोराचा ताप, शाळेची फी, सिलेंडर, पाहुणे यांतलं कोणी पगाराची तारीख बघून येत नाही.

अशा वेळी पैसे मिळायला गावात बरेच दरवाजे आहेत. कोणत्या दारातून किती महाग पडतं, हे आज हिशेब करून बघू. सगळीकडे एकच रक्कम धरू : 2,000 रुपये, एक महिना.

आधी गटाचं दार

बहुतेक गटांत अंतर्गत कर्जाचा व्याजदर महिना शेकडा 2 रुपये असतो. 2,000 रुपयांना महिन्याचं व्याज झालं 40 रुपये. हे 40 रुपयेही बाहेर जात नाहीत, गटाच्याच पेटीत पडतात आणि त्यात आपलाही वाटा असतो. कागदपत्रं नाहीत, तारण नाही, दंडाची भीती नाही.

तरीही बायका गटाकडे न येता दुसरीकडे का जातात? दोन कारणं दिसतात. एक, बैठक सोमवारी आणि गरज गुरुवारी. दुसरं कारण लाजेचं. "दोन हजारासाठी सगळ्यांसमोर काय मागायचं?" असं वाटतं. या दोन्हींवर उपाय आहे, तो शेवटी सांगितला आहे.

गटाकडे पैसे नसतील तर ग्रामसंघाला विचारा. आजारपण, अपघात, अन्नाची टंचाई अशा अडचणींसाठी ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो. तो किती आहे आणि कशासाठी मिळतो, हे आपल्या प्रेरिकाताईंना किंवा ग्रामसंघाच्या लिपिकेला आजच विचारून ठेवा. अडचण आल्यावर चौकशी करायला वेळ नसतो.

जनधन खात्यावरची उचल

जनधन खातं निदान 6 महिने नीट चालवलेलं असेल तर त्यावर 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढता येतात. 2018 च्या आधी ही मर्यादा 5,000 होती. 2,000 रुपयांपर्यंतच्या रकमेला वेगळ्या अटी लावलेल्या नाहीत. ही सोय एका घरात एकाच खात्याला मिळते आणि त्यात घरातल्या बाईच्या खात्याला प्राधान्य आहे. बचत गटाच्या पडताळणी झालेल्या सदस्यांसाठी जनधन खात्यावर 5,000 रुपयांच्या ओव्हरड्राफ्टची योजनाही आहे.

यात व्याज लागतं ते जेवढे पैसे वापरले तेवढ्यावर आणि जेवढे दिवस वापरले तेवढ्याच दिवसांचं. दर बँकेप्रमाणे बदलतो. वर्षाला 12 टक्के धरला तर 2,000 रुपयांना महिन्याचे 20 रुपये. म्हणजे गटापेक्षाही स्वस्त. पण ही मंजुरी अडचणीच्या दिवशी मिळत नाही, आधी अर्ज करून ठेवावा लागतो. बँकेत एकटीने जाण्यापेक्षा बँक सखीला घेऊन पाच-सहा जणी मिळून जा.

मालकाकडून, डेअरीतून उचल

काम केलेल्या दिवसांचे पैसे आधी मागणं यात वावगं काही नाही. ते आपलेच पैसे आहेत. बऱ्याच दूध संकलन केंद्रांत पुढच्या बिलातून कापून घेण्याच्या बोलीवर उचल मिळते. त्यावर व्याज आहे का, एका बिलात कापणार की दोन, हे विचारून वहीत लिहून घ्या.

न केलेल्या कामाची उचल मात्र वेगळी. ऊसतोडीची उचल किंवा वीटभट्टीचा आगाऊ पैसा घेतला की पुढचा अख्खा हंगाम बांधला जातो. मजुरी किती, फिटले किती, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. दोन-चार हजारांच्या अडचणीसाठी त्या वहीत नाव घालू नका.

दुकानातली उधारी

उधारीला व्याज नाही असं आपल्याला वाटतं. एकदा तपासून बघा. रोखीने 1,000 रुपयांना मिळणारा किराणा उधारीवर 1,060 ला पडत असेल आणि पैसे पंधरा दिवसांत द्यायचे असतील, तर ते पंधरा दिवसांचं 60 रुपये व्याजच झालं. महिन्याला शेकडा 12! भाव तोच लावत असेल तर उधारी चांगली, पण वही आपल्याकडेही हवी.

सावकार

गावातला शेकडा 10 चा व्यवहार बघा. 2,000 लिहायचे, पहिल्या महिन्याचं व्याज कापून हातात 1,800 द्यायचे. महिन्याने 2,000 जमले नाहीत तर नुसतं व्याज 200. असे सहा महिने गेले तर 1,200 रुपये व्याजात गेले आणि मुद्दल 2,000 तसंच उभं.

महाराष्ट्रात सावकारीसाठी 2014 चा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असलेल्यालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. सरकारने ठरवलेले वर्षाचे दर असे : शेतकऱ्याला तारणावर 9 टक्के, विनातारण 12 टक्के, इतरांना तारणावर 15 आणि विनातारण 18 टक्के. म्हणजे जास्तीत जास्त महिना शेकडा दीड रुपया. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा कधीही देऊ नका.

मोबाईलवरचं झटपट कर्ज

हे सगळ्यात फसवं दार. पाच मिनिटांत पैसे येतात म्हणून बरं वाटतं. समजा, मंजूर झाले 3,000. 'फी' म्हणून 900 कापले, खात्यात आले 2,100. सात दिवसांनी भरायचे 3,000. म्हणजे 2,100 वर आठवड्यात 900 रुपये, शेकडा 43! वर फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेलेले असतात. मग नातेवाइकांना फोन, फोटोची मोडतोड, धमक्या.

रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम स्पष्ट आहेत. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोणती हे सांगावं लागतं, सगळा खर्च आधी लेखी दाखवावा लागतो, आणि फोनमधले नंबर व फोटो ॲपला घेता येत नाहीत. ॲपने नंबरांची परवानगी मागितली, की तिथेच थांबायचं. कोणी धमकावत असेल तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि गटाला सांगा. घाबरून एक ॲप फेडायला दुसऱ्या ॲपचं कर्ज घेऊ नका.

सोनं आणि फायनान्स

हजार-दोन हजारासाठी दागिना गहाण टाकणं सहसा परवडत नाही, कारण मूल्यांकनाची फी आणि येण्याजाण्याचा खर्चच व्याजाएवढा होतो. रक्कम मोठी असेल तर सोनाराकडे न ठेवता बँकेत ठेवा आणि वजन लिहिलेली पावती घ्या.

मायक्रोफायनान्सचं कर्ज लांब मुदतीचं असतं. दहा दिवसांच्या अडचणीसाठी दोन वर्षांचा हप्ता मागे लावून घेऊ नका. आधीच घेतलं असेल तर एवढं लक्षात ठेवा : वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायला किंवा दारात यायला मनाई आहे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्यावर दंडही लावता येत नाही.

गटाने काय ठरवायचं?

येत्या बैठकीत तातडीच्या कर्जाचा ठराव घ्या. त्यात एवढ्या गोष्टी हव्यात :

1. रक्कम जास्तीत जास्त 2,000, मुदत 30 दिवस, व्याज नेहमीचंच.
2. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींनी हो म्हटलं की त्याच दिवशी पैसे. कारण सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही.
3. यासाठी 3,000 ते 4,000 रुपये हातशिल्लक. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि दर बैठकीत मोजणी.
4. रोखवहीत आणि सदस्याच्या पासबुकात त्याच दिवशी नोंद, पुढच्या बैठकीत वाचन.
5. पहिलं फिटल्याशिवाय दुसरं नाही. एकीच्या नावावर घेऊन दुसरीला देणं नाही.

आणि एक लक्ष ठेवा. एखादी ताई सलग तीन महिने तातडीचं कर्ज घेत असेल, तर तिची अडचण पगाराच्या तारखेची नाही. घरखर्चच उत्पन्नाच्या बाहेर गेला आहे, किंवा बाहेरचं एखादं महागडं कर्ज तिला खातंय. तिला नाही म्हणू नका, पण आणखी दोन हजार देऊनही भागणार नाही. तिच्याबरोबर बसून सगळी देणी एका कागदावर लिहा. शेकडा 10 चं कर्ज आधी फेडता येईल एवढी रक्कम गटातून किंवा ग्रामसंघातून द्या आणि तिला झेपेल असा हप्ता लावा. महिना 200 रुपये नुसतं व्याज भरणारी बाई तेवढ्याच पैशात गटाचं कर्ज मुद्दलासकट साधारण वर्षभरात फेडू शकते.