पॉलिश पेपर बाजूला ठेवा, पान्यावरचा आकडा परत दिसेल

पान्यावरचा आकडा दिसेनासा झाला की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. तिथेच थांबा. आकडा म्हणजे ठोकलेला खळगा. तो बहुतेक वेळा ग्रीस आणि गंजानं बुजलेला असतो. घासलं की भोवतीचं पोलाद उतरतं, खळगा उथळ होतो आणि उरलासुरला आकडाही जातो. त्यापेक्षा रॉकेल नि जुन्या टूथब्रशनं साफ करा, थिनरनं पुसा, पांढरा मेणखडू खळग्यात दाबून घासा आणि वरचं मेण कापडानं काढा. काळ्या पान्यावर ‘१३’ लख्ख उठतो. चकचकीत क्रोमवर आणि व्हर्नियरच्या रेघांत मात्र काळा रंगच हवा.

‘मिस्त्रीला नजरेनं कळतं,’ असं कुणी म्हणेल. पण यवतमाळ, वणी, पुसदकडे जिनिंगची यंत्रं आणि जुने ट्रॅक्टर दुरुस्त करताना इंची आणि मिलिमीटरचे पाने एकाच पेटीत येऊ शकतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तेवढ्या डोक्याच्या बोल्टवर १३ चा पाना बसतो, पण ढिला. जाम बोल्टवर जोर दिला की कोपरे गोल होतात. एवढा फरक नजर पकडत नाही. मेण डिझेलनं निघतं, हे खरं; पण परत भरायला मिनिटभर पुरतं, आणि टिकाऊ हवं तर इनॅमल आहेच. आकडा साफच गेला असेल तर टॉर्च तिरपा धरून बघा, नाहीतर जबडा व्हर्नियरनं मोजा. नवा पानाही किंचित सैलच बनवतात, त्यामुळे १३.१ आलं तर तो १३ चाच.