दप्तराचे स्थलांतर

दौलताबादेत येऊन किल्ल्याविषयी न बोलता दप्तराविषयी बोलणारा वक्ता आपणांस चमत्कारिक वाटेल. पण या गावचे दप्तराशी नाते फार जुने आहे. हे देवगिरी होते तेव्हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी हेमाद्री पंडित होता. आपण त्याला हेमाडपंत म्हणून, देवळांच्या बांधणीवरून ओळखतो. त्याचा हुद्दा मात्र श्रीकरणाधिपाचा, म्हणजे राज्याच्या दप्तराच्या प्रमुखाचा. मोडी लिपी त्याने रूढ केली असे परंपरा सांगते. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानीच दिल्लीहून येथे आणली. सारी दिल्ली ओस पडली ही कथा आजचे इतिहासकार तशीच्या तशी मानीत नाहीत. पण अमीर-उमराव, उलेमा आणि दरबारी मंडळी यांना बिऱ्हाड हलवावे लागले, आणि काही वर्षांतच परत जाण्याची मुभा द्यावी लागली, हे खरे. चालता कारभार उचलून दुसऱ्या जागी नेणे म्हणजे काय, हे या गावाने पाहिलेले आहे.

आजचे दप्तर सर्व्हरमध्ये असते. मी कॉलेजात गेलेलो नाही. ही विद्या मी वाळूजच्या पोरांना विचारून विचारून शिकलो. तेव्हा तिची परिभाषा माझ्या तोंडी कमी आढळेल, ते गोड मानून घ्यावे.

सर्व्हर हाही एक संगणकच होय. पण त्याचे काम सांभाळणे आणि मागेल त्याला काढून देणे, एवढेच. साठवणुकीच्या सर्व्हरला समोरून कपाटाच्या खणांसारख्या आठ, बारा, चोवीस डिस्का लावलेल्या असतात, आणि चालू यंत्रातूनही एखादी ओढून काढता येते. पुष्कळ डिस्कांत आत तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे, रात्रंदिवस. तिला सुटी नाही, पाळी नाही. जे फिरते ते झिजते. डिस्क कधीतरी मरणार, हे धरूनच चालावे लागते.

मग एक डिस्क मेली तर तिच्यातला मजकूर गेला काय? नाही, आणि याची युक्ती इतकी साधी आहे की ती शाळकरी मुलाला सांगता यावी. समजा, तीन चोपड्यांत तीन आकडे आहेत : १७, २५ आणि ८. चौथ्या चोपडीत नुसती त्यांची बेरीज लिहून ठेवली : ५०. आता दुसरी चोपडी उंदरांनी खाल्ली. बेरजेतून १७ आणि ८ वजा करा. २५ हाती आले. यंत्र बेरजेऐवजी थोडा निराळा हिशेब करते, पण तत्त्व हेच. बेरजेची चोपडीही एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांत वाटून देतात. अशा जुळणीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी आपल्या निबंधात तिचे प्रकार मांडले.

यातली गोम मात्र ध्यानात घ्यावी. एक चोपडी गेली तर हिशेब लागतो. दोन गेल्या तर लागत नाही. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली, की तिच्यातला मजकूर पुन्हा उभा करण्यासाठी बाकीच्या साऱ्या डिस्का आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. डिस्का मोठ्या असतील तर याला कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच वयाच्या या डिस्का, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्यावर दुप्पट भार! एक माणूस आजारी पडला म्हणून उरलेल्यांना डबल ड्यूटी लावणाऱ्या खात्यात पुढचा कोण पडेल, हे कामगारांना वेगळे सांगावयास नको. म्हणून शहाणे लोक बेरजेसारखे दोन हिशेब ठेवतात, म्हणजे दोन डिस्का गेल्या तरी निभावते.

शिवाय ही जुळणी म्हणजे बॅकअप नव्हे. कारकुनाने चुकून एक नाव पुसले, तर ते सर्व डिस्कांवरून प्रामाणिकपणे पुसले जाते. त्यासाठी निराळी प्रत, निराळ्या साधनावर आणि निदान एक प्रत निराळ्या गावी हवी. आणि त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहावयास हवे. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या धान्यावर लग्नाच्या पंगती सांगणे.

आता स्थलांतर. यंत्र जुने होते, जागा पुरत नाही, पंधरा ठिकाणची दप्तरे एकत्र करावी लागतात. वरवर नुसते कॉपी करण्याचे काम. पण कॉपी चालू असताना दप्तर काही मिटलेले नसते. लोक नोंदी करीतच असतात. म्हणून रीत अशी : जुने चालू ठेवून शेजारी नवे उभे करावे, सारा मजकूर न्यावा, मधल्या काळातल्या नव्या नोंदी मागाहून भरून घ्याव्यात. मग ताळा. इकडे नावे किती, तिकडे किती. इकडची एकूण रक्कम किती, तिकडची किती. ताळा पटला, की एखाद्या रात्री थोडा वेळ व्यवहार थांबवून लोकांना नव्याकडे वळवावे. जुने मात्र लगेच मोडू नये. परतीचा रस्ता हवा.

याचे आपल्या पोटापाण्याशी निगडित उदाहरण म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. १९५२ च्या कायद्याने चाललेल्या या निधीत प्रत्येक प्रादेशिक कार्यालयाचे दप्तर वेगळे होते. माणूस कारखाना बदलला की त्याचा खातेक्रमांक बदले. २०१४ साली बारा आकडी कायम क्रमांक, म्हणजे यूएएन, आला. पेन्शनचेही तसेच होते : प्रत्येक कार्यालयाचा तीन-चार बँकांशी करार, आणि पेन्शनर दुसऱ्या प्रदेशात राहावयास गेला की त्याचा पेन्शनचा हुकूमनामा या कार्यालयातून त्या कार्यालयात धाडावा लागे. आता देशभरासाठी एकच पेन्शनवाटपाची व्यवस्था झाली आहे. कोणत्याही बँकेत पेन्शन जमा होते.

हे काम टप्प्याटप्प्याने झाले, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथम जम्मू, श्रीनगर आणि कर्नाल येथील ४९ हजारांवर पेन्शनर घेतले. नोव्हेंबरात २४ कार्यालये आणि ९.३ लाख पेन्शनर. तेवढे निभावल्यावर डिसेंबरचे पेन्शन सर्व १२२ कार्यालयांतील ६८ लाखांहून अधिक पेन्शनरांना नव्या व्यवस्थेतून गेले. तुघलकाला हा पायंडा ठाऊक असता तर!

परंतु यंत्राचा ताळा निराळा आणि माणसाचा निराळा. यंत्र म्हणते, दहा लाख नावे गेली, दहा लाख पोहोचली. पण मूळ नावच चुकीचे असेल तर? जुन्या चोपडीत कारकून माणसाला चेहऱ्याने ओळखत असे. चूक असली तरी काम अडत नसे. दप्तरे एकमेकांशी जोडली, की यंत्र अक्षराला अक्षर लावून पाहते. आपल्याकडे ज्ञानेश्वर हे नाव एक कारकून इंग्रजीत ‘डी’पासून लिहितो, दुसरा ‘जी’पासून, आणि एखादा विद्वान ‘जे’पासून. आधारवर एक, कारखान्याच्या रजिस्टरात दुसरे. तीस वर्षे घाम गाळलेला ज्ञानेश्वर यंत्राच्या लेखी दोन माणसे ठरतो, आणि त्यांतल्या एकालाही पैसे मिळत नाहीत. आमच्या युनियनच्या टेबलावर असे कागद घेऊन येणारे बहुधा साठीच्या आसपासचे असतात. त्यांना खेटे परवडत नाहीत. दप्तर हलवताना निघालेल्या विसंगतीचा खर्च दप्तर हलवणाऱ्याने सोसावा, कामगाराने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद कामगाराने लिहिलेली नव्हती.

थोडी वाट मोकळी झाली आहे. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या पडताळणीने निघाला, त्यांना जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख यांसारख्या नोंदी स्वतःच दुरुस्त करता येतात. त्याआधीचा क्रमांक असेल तर मालकाची मान्यता लागते. आणि नेमके जुने कामगार याच गटातले. कारखाना बंद पडून तिथे गोदाम उभे राहिले असेल, तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या व्यक्तीची साक्ष घेऊन अर्ज करण्याची सोय आहे. ती पुष्कळांना ठाऊकच नसते.

तेव्हा नोकरीत आहात तोवरच एका सायंकाळी घरच्या शिकल्यासवरल्या मुलाला जवळ बसवा. पासबुक उघडून नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, ही आधारशी ताडून पाहा. सोडल्याची तारीख पुष्कळदा कोरीच सापडते. पासबुक कागदावर छापून घ्या, आणि जुन्या पगारपावत्या कितीही मळल्या तरी रद्दीत घालू नका.